फॉन्ट गेले न्हाईत, पत्ता गेलाय

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात कोल्हापुरात पाण्याकाठी जागा मिळत नाही. रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर पहाटेपासून रिक्षा आणि टेम्पो येऊन थांबतात. त्यांतून वाकळा, चादरी, पडदे, सतरंज्या उतरतात. वर्षभर अंगावर आणि अंगाखाली घेतलेलं एकेक पांघरूण पाण्यातून निघाल्याशिवाय घरात घट बसत नाहीत, हे आमच्याकडं कुणी कुणाला सांगावं लागत नाही. लहानपणी मी आत्याबरोबर घाटावर जायचे. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती एकीकडं पीळ द्यायची, मी दुसरीकडं. पाणी निथळेल तसं ओझं कमी होत जायचं आणि ते हातांना कळायचं. घरी परतताना अंगात जो हलकेपणा असायचा तो मला अजून आठवतो. स्वच्छतेची माझी ओढ तिथून आलेली आहे आणि ती खोटी नाही. म्हणूनच पुढचं मला जपून लिहायचं आहे.

2025 साली घट 22 सप्टेंबरला बसणार होते. त्याच्या चार दिवस आधी आत्या शिवाजी पेठेतून माझ्या दुकानात आली. दुकान म्हणजे झेरॉक्स, डीटीपी आणि आसपासच्या घरांतले, दुकानांतले कॉम्प्युटर दुरुस्त करणं. आत्या घरी कांदा-लसूण चटणी करून विकते. बिलं, पाकिटावरची लेबलं, ऑर्डरींचा हिशोब, सगळं तिच्या लॅपटॉपवर असतं. तिनं लॅपटॉपची पिशवी काउंटरवर ठेवली.

“सगळं घर धुऊन काढलंय. हे एकच राहिलंय बघ. मी भाजी घेऊन येतो, तवर एवढं साफ करून ठेव.”

आमच्या कोल्हापुरात बायका ‘येतो, जातो’ असंच बोलतात. आत्या ‘येते’ म्हणाली तर तिला बरं नाही की काय, असं मला वाटेल.

लॅपटॉप चालू होऊन वापरण्याजोगा व्हायला पाच मिनिटं गेली. मग उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर आली. लाल त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि मजकूर असा की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 1,247 दोष सापडले आहेत, रजिस्ट्री खराब झाली आहे, ताबडतोब साफ करा. बटण दाबलं की वर्षाचे 1,499 रुपये. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही, कुठली गोष्ट कुठं आहे आणि कशी चालवायची ते तिच्यात लिहिलेलं असतं.

“दीड हजार भरले की साफ होतंय म्हणं. भरू काय?”

“नको.”

“का गं? साफ करायला पैसे पडायचेच की. परीट काय फुकट धुतोय?”

तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला ज्या दिवशी मिळालं, तो दिवस मी विसरलेली नाही.

2008 सालची गोष्ट. मी लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होते. वय वीस. लगीनसराई होती. छापखान्यातला कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा, त्यात 512 एमबी रॅम. त्यावर कोरल ड्रॉ आणि पेजमेकर एकदम उघडं ठेवून पत्रिका लावायच्या. दुपारनंतर तो इतका मंद व्हायचा की गणपतीचं एक चित्र सरकवलं तर ते जागेवर जाऊन बसेपर्यंत मी पुढच्या पत्रिकेचं मॅटर वाचून काढायचे. त्या काळी कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी मिळायची. तशा एका सीडीवर मला रजिस्ट्री साफ करणारा प्रोग्रॅम सापडला. ‘कॉम्प्युटर नव्यासारखा वेगवान’ असं त्याखाली लिहिलेलं होतं.

एका संध्याकाळी काम थांबलं होतं. कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या. एका मोठ्या कामाची फाइल पेन ड्राइव्हमध्ये मावेना म्हणून मालकांनी डब्याचं झाकण उघडून दुसरी डिस्कच काढली आणि छपाईसाठी फिल्मवर पॉझिटिव्ह काढायला घेऊन गेले. तेव्हा सगळेच असं करायचे. मी एकटी होते आणि हाताला काम नव्हतं. प्रोग्रॅम चालवला. त्यानं सहाशेच्या वर दोष दाखवले, सगळे लाल अक्षरांत. मी सगळ्यांवर एकदम खूण केली. त्यानं विचारलं, आधीची प्रत ठेवायची का? मी ‘नाही’ दाबलं. कचरा काढायचा आणि पुन्हा घरातच कुठंतरी ठेवायचा, हे मला पटलं नाही. यादी भराभर वर सरकत गेली, शेवटी शून्य आलं. त्या क्षणी मला घाटावरून परतल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी डिस्क परत जागेवर बसवली. पहिल्या एसटीनं राधानगरीकडचे एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. मी फाइल उघडली. आधी एक खिडकी आली, अमुक फॉन्ट सापडत नाहीत, त्यांच्या जागी दुसरे वापरू का? मग पत्रिका उघडली. जिथं कुलदैवताचं नाव होतं तिथं रोमन अक्षरांचं कडबोळं, डॉलरची खूण, कंस, अर्धविराम. वधूचं नाव, वराचं नाव, मुहूर्त, सगळं तसंच. ते गृहस्थ स्क्रीनकडं बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे इंग्रजीत का केलंय?”

ज्यांनी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचं मराठी टाइप केलं आहे त्यांना हा प्रकार माहीत आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर रोमनच. फॉन्ट आहे तोवर तो मराठी दिसतो. फॉन्ट गेला की भाषा गेली.

मी सी ड्राइव्ह पालथा घातला, मालक फोनवर फोन करत होते. शेवटी पुढच्या गल्लीतल्या छापखान्यातले एक वयस्कर ऑपरेटर आले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. त्यांनी पाच मिनिटं बघितलं, मला विचारलं की काल काय केलंस, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, “फॉन्ट गेले न्हाईत पोरी. त्यांचा पत्ता गेलाय.”

झालं होतं ते असं. पहिल्या डिस्कवर जागा कमी, म्हणून आधीच्या ऑपरेटरनं साडेतीनशे फॉन्ट दुसऱ्या डिस्कवरच ठेवले होते आणि विंडोजला फक्त त्यांची जागा सांगितली होती. एक्सपीमध्ये फॉन्ट बसवताना ‘फॉन्ट फोल्डरमध्ये कॉपी करा’ यावरची खूण काढली की असं करता यायचं. ती जागा रजिस्ट्रीत लिहिलेली असायची. मी साफसफाई केली तेव्हा दुसरी डिस्क कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. प्रोग्रॅमनं एकेक नोंद वाचली, त्या जागी जाऊन बघितलं, फाइल दिसली नाही, म्हणून नोंद निकामी ठरवून पुसली. डिस्क रात्रीपुरती बाहेर गेली आहे हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. मला माहीत होतं, पण मी यादी वाचली नव्हती.

मामांनी आणि मी मिळून सगळे फॉन्ट पुन्हा बसवले. दुपारचे चार वाजले. तोवर ते गृहस्थ छापखान्याच्या पायरीवर बसून होते. दोनदा चहा घेतला, एकदाही आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. पत्रिका पुन्हा उघडली, कुलदैवताचं नाव जागेवर आलं, तेव्हा त्यांनी स्क्रीनला हात लावून नमस्कार केला आणि एसटी गाठायला निघाले.

पुढच्या महिन्यात मालकांनी 512 एमबीची आणखी एक रॅम बसवली. त्या दिवसापासून गणपती सरकवला की सरकायला लागला. मंदपणाचं कारण तेवढंच होतं.

हे समजून घ्यायला मला माझ्या वडिलांच्या कामाचा फार उपयोग झाला. ते उद्यमनगरात एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. जी वस्तू ओतायची तिचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करायचा, पॅटर्न काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. फाउंड्रीच्या माळ्यावर जुने पॅटर्न रचलेले असायचे. पंपाची बॉडी, इंजिनाचं फ्लायव्हील, गुऱ्हाळाच्या चरकाचं दातेरी चाक. कित्येक वर्षांत न लागलेले. एका दसऱ्याला खंडेनवमीच्या आधी माळा रिकामा करायचं निघालं, कारण काम मंद चाललं होतं आणि सगळीकडं अडगळ वाटत होती. वडील म्हणाले, “भट्टी तापायला उशीर होतोय तो कोळशामुळं. माळ्याचा त्यात काय संबंध?” त्यांनी प्रत्येक पॅटर्नवर रंगानं नंबर टाकलेला होता. मोल्डरला नंबर सांगितला की तो सरळ त्या फळीपाशी जायचा. बाकीचे शंभर पॅटर्न त्याच्या वाटेत येत नसत.

विंडोजची रजिस्ट्री अगदी अशी आहे. 1992 मध्ये विंडोज 3.1 बरोबर ती आली तेव्हा तिचं काम छोटं होतं, कुठल्या प्रकारची फाइल कुठल्या प्रोग्रॅमनं उघडायची याची नोंद. बाकीच्या सेटिंग तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या मजकूर-फायलीत ठेवायचा. विंडोज 95 पासून या नोंदी एका ठिकाणी यायला लागल्या. फोल्डरात फोल्डर तसे कप्प्यात कप्पे, आणि आतल्या कप्प्यात एकेक नोंद. संपूर्ण कॉम्प्युटरला लागू असणाऱ्या नोंदी वेगळ्या फायलींत, प्रत्येक वापरणाऱ्याच्या वेगळ्या. एखाद्या प्रोग्रॅमला स्वतःची नोंद हवी असते तेव्हा तो पूर्ण वाट सांगतो आणि विंडोज त्या वाटेनं थेट तिथं जातं. शेजारच्या कप्प्यात 2019 साली काढून टाकलेल्या प्रिंटरची नोंद पडून असेल तर ती तशीच पडून राहते. तिच्यापाशी कुणी जातच नाही.

आत्याच्या 1,247 नोंदी घेऊ. एकेक नोंद पाचशे बाइटची धरली, आणि हे मी सढळ हातानं धरते आहे, तरी सगळ्या मिळून सहाशे केबीच्या आसपास होतात. पहाटे येणाऱ्या शुभेच्छांचे चार-पाच फोटो पुसले तरी एवढी जागा सुटते. आणि नोंद पुसली म्हणजे रजिस्ट्रीची फाइल तेवढी आखडते असंही नाही. आत फक्त रिकामी जागा पडते आणि ती पुढच्या नोंदीला वापरली जाते.

रजिस्ट्रीच्या आकाराची काळजी करण्यात एके काळी काही अर्थ होता, हेही सांगायला हवं. विंडोज 2000 पर्यंत रजिस्ट्रीनं मेमरीत किती जागा घ्यावी याला मर्यादा होती. ती एक्सपीपासून गेली. विंडोज 98 तर दररोज चालू होताना रजिस्ट्री तपासून घ्यायचं आणि आधीच्या पाच प्रती बाजूला ठेवायचं. नव्वदच्या दशकात खुद्द मायक्रोसॉफ्टनं ‘रेगक्लीन’ नावाचं साधन फुकट दिलं होतं, आणि पुढं त्यांनीच ते मागं घेतलं. आज त्यांचं अधिकृत धोरण स्पष्ट आहे: रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आमचा पाठिंबा नाही, त्यांनी बिघाड झाला तर जबाबदारी आमची नाही. विंडोजच्या आतल्या कामकाजावर ज्यांचा शब्द मानला जातो त्या मार्क रुसिनोविच यांनी 2005 मध्येच हे समजावून दिलं होतं. काढून टाकलेले प्रोग्रॅम मागं नोंदी सोडतात, ते चालायचंच. पण नोंदी कितीही साठल्या तरी, सगळी रजिस्ट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत धुंडाळायचं काम सोडलं तर, वेगावर फरक पडत नाही.

मला खरी भीती आणखी एका गोष्टीची वाटते. पुष्कळांना वाटतं की काही बिघडलं तर विंडोजकडं रजिस्ट्रीची प्रत असेलच. विंडोज 10 च्या 1803 या आवृत्तीपासून ती प्रत आपोआप ठेवणं बंद झालं आहे. फोल्डर आहे, फायलींची नावं आहेत, आत शून्य बाइट. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे आधीच्या स्थितीवर परत जायची सोय, चालू केलेला नसेल तर 2008 साली मी ज्या ठिकाणी उभी होते तिथंच आजही कुणी उभं राहू शकतं. आणि त्याच्यापाशी मामा नसतील.

मग हे प्रोग्रॅम का खपतात? कारण ते आकडा दाखवतात. 1,247. घरातली बाई आकडा बघून घाबरते, कारण तिच्या घरात एवढे दोष असू शकतात हे तिला लाजिरवाणं वाटतं. या लाजेवर धंदा उभा आहे आणि त्याचा मला मनापासून राग आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगानं 2019 मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या दोन कंपन्यांकडून मिळून 3 कोटी 50 लाख डॉलर वसूल केले. ऑफिस डेपोच्या दुकानांत गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर फुकट तपासून देण्याचा कार्यक्रम होता. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे: मंद चालतो का, मध्येच चौकटी येतात का, असे. त्यातल्या एकालाही ‘हो’ म्हणून खूण केली की निकालात व्हायरसची लक्षणं सापडल्याचं दिसायचं. कॉम्प्युटरच्या आत काय आहे याच्याशी त्या निकालाचा संबंध नव्हता. 2024 मध्ये रिस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांकडून त्याच आयोगानं 2 कोटी 60 लाख डॉलर घेतले. तिथंही खोट्या धोक्याच्या चौकटी दाखवून दुरुस्ती विकली गेली होती. मायक्रोसॉफ्टनं तर 1 मार्च 2018 पासून असं घाबरवून पैसे भरायला लावणाऱ्या साफसफाईच्या प्रोग्रॅमना नको असलेलं सॉफ्टवेअर मानून हटवायला सुरुवात केली.

सगळे असे फसवे नाहीत, हे मी मान्य करते. सीक्लीनर नावाचा साफसफाईचा प्रोग्रॅम 2004 पासून आहे आणि कित्येक वर्षं मीही तो फायली पुसायला वापरला. पण 2017 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या 5.33 या आवृत्तीत बाहेरच्या कुणीतरी घुसून व्हायरस पेरला आणि तो अधिकृत डाउनलोडमधूनच लोकांपर्यंत गेला. सुमारे 22 लाख 70 हजार कॉम्प्युटरवर ती आवृत्ती पोचली होती. सप्टेंबरमध्ये ते उघड झालं. घर साफ करायला ज्याला किल्ली दिली त्याच्याच किल्लीची नक्कल कुणीतरी केली. तेव्हापासून मी ठरवलं, जे काम विंडोज स्वतः करू शकतं त्यासाठी बाहेरच्या कुणाला किल्ली द्यायची नाही.

विंडोज कुठलं काम स्वतः करतं? जागा मोकळी करण्याचं. विंडोज 98 पासून डिस्क क्लीनअप आहे. विंडोज 10 मध्ये 2017 साली स्टोरेज सेन्स आलं आणि आता तेच मुख्य साधन आहे. यांचा उपयोग खरा आहे, फक्त तो जागेपुरता आहे. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांकडं 32 जीबी साठवणीचा छोटा लॅपटॉप होता. सहा महिने त्यात विंडोजचं अपडेट उतरत नव्हतं, दर वेळी जागा अपुरी. डिस्क क्लीनअप उघडून ‘सिस्टिम फायली साफ करा’ यावर गेले, जुन्या अपडेटचे अवशेष आणि विंडोज डॉट ओल्ड नावाचं आख्खं फोल्डर काढलं. नऊ जीबी सुटले, अपडेट त्याच दुपारी झालं. तिथं साफसफाई हाच इलाज होता. डिस्क काठोकाठ भरली की विंडोजला तात्पुरत्या फायली लिहायला, मेमरी कमी पडली तर तिच्यातलं काही डिस्कवर उतरवून ठेवायला जागा लागते, ती मिळेनाशी होते आणि कॉम्प्युटर खरोखर अडखळतो. मोठं अपडेट झाल्यावर जुनं विंडोज दहा दिवस ठेवलेलं असतं, नवं आवडलं नाही तर परत जाता यावं म्हणून. ते नंतर आपोआप जातंच. घाई असेल तर आपण काढायचं, एवढंच.

पण डिस्कचा अर्धा भाग मोकळा असताना आणखी वीस जीबी मोकळे केले तर वेग वाढत नाही. रिकाम्या गोदामाचा आणखी एक कोपरा झाडला म्हणून गाडी लवकर भरत नाही. उलट काही फायली पुसल्या की काम वाढतं. फोटोंच्या छोट्या प्रतिमा पुसल्या तर फोल्डर उघडताना विंडोज त्या पुन्हा तयार करत बसतं. एक्सपीपासून एक प्रीफेच फोल्डर आहे. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना कुठल्या फायली मागतो हे विंडोज तिथं लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच हाताशी आणता येतात. ‘ते रिकामं करा, वेग वाढेल’ असा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. रोजच्या गवळ्याला घर पाठ असतं. त्याला ते विसरायला लावून दूध लवकर कसं येणार?

डाउनलोड फोल्डरबद्दल तर मी प्रत्येकाला हात धरून सांगते. विंडोज 10 च्या 2018 च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड फोल्डरही आलं होतं, पुढं 2020 मध्ये ते त्या यादीतून काढलं गेलं. स्टोरेज सेन्समध्ये तो पर्याय अजून आहे, आपण चालू केला तरच चालतो. कागदावर ते बरोबर वाटतं, कारण डाउनलोड म्हणजे उतरवून घेतलेल्या, पुन्हा मिळू शकणाऱ्या वस्तू. आपल्याकडं मात्र त्या फोल्डरमध्ये माणसाचं आयुष्य असतं. ऑनलाइन काढलेला सातबारा, पोराचं हॉल तिकीट, विम्याची पावती, नातवाचा फोटो जो मुलीनं मेलनं पाठवला आणि तिथंच राहिला. या फायली कुठंतरी नीट ठेवायच्या असतात हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मी साफसफाईला हात लावायच्या आधी ते फोल्डर उघडते आणि माणसाला शेजारी बसवून एकेक विचारते. वेळ जातो. पण कुठला पॅटर्न टाकायचा हे पॅटर्नमेकरला विचारल्याशिवाय ठरवायचं नसतं.

आत्या भाजी घेऊन आली तेव्हा मी टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटर कशात किती गुंतलाय ते दाखवणारी खिडकी, उघडून बसले होते. प्रोसेसर निवांत होता. रॅम 4 जीबी, त्यातली तीन वापरात. डिस्क मात्र शंभर टक्के, आणि ती तशीच अडकलेली. लॅपटॉप 2017 चा, आत एक टीबीची फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला 5,400 फेऱ्यांची. तिचा सातशे जीबी भाग मोकळा होता. म्हणजे जागेची अडचणच नव्हती. अडचण अशी की फिरत्या डिस्कला एक तुकडा वाचायला सुई त्या जागी न्यावी लागते आणि त्यात दहा मिलिसेकंद किंवा थोडे अधिक जातात. सेकंदाला शंभरेक तुकडे. विंडोज 10 चालू होताच अपडेट बघणं, व्हायरस तपासणं, फायलींची सूची करणं हे सगळे एकदम डिस्ककडं येतात आणि प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यातला तुकडा हवा असतो. एसएसडी नावाच्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही. तिथं तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो.

“आत्या, घाण काही नाही. डिस्क थकलीय.”

“म्हंजे धुऊन उपयोग न्हाई?”

“नाही. बदलायला हवी.”

ती भाजीची पिशवी मांडीवर घेऊन थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्यातलं सगळं ऱ्हाईल न्हवं? दादाच्या हातचं लेबल हाय त्यात.” दादा म्हणजे माझे वडील. चटणीच्या पाकिटावरचं मिरचीचं चित्र त्यांनी काढलं होतं, मी ते स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवलं होतं. गेली तीन वर्षं ते नाहीत.

राजारामपुरीतून एसएसडी आणली. एका बऱ्या साडीच्या किमतीत आली. रात्रभर जुनी डिस्क नवीवर जशीच्या तशी उतरवली, रजिस्ट्रीतल्या 1,247 नोंदींसकट. एकही पुसली नाही. लॅपटॉप वीस सेकंदांत उघडायला लागला. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप यादीतून चालू होताना आपोआप उठणारे सात प्रोग्रॅम बंद केले. आणि ती लाल त्रिकोणाची चौकट? ती कुठल्या प्रोग्रॅमची नव्हतीच. आत्यानं कधीतरी पाककृती बघताना एका पानावर ‘परवानगी द्या’ दाबलं होतं आणि ते पान ब्राउझरमधून सूचना पाठवत होतं. त्यानं कॉम्प्युटर तपासलेलाच नव्हता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतली, चौकट गेली. दीड हजार रुपये तिच्या कनवटीलाच राहिले.

एक गोष्ट मात्र त्या लाल चौकटीनं तिला सांगितली नव्हती आणि ती खरंच तातडीची होती. विंडोज 10 चे सुरक्षेचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होते आणि तिच्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नव्हता. मी तिचं नाव एक वर्षाच्या वाढीव मुदतीत नोंदवलं, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. त्यापुढं काय करायचं ते आम्ही दोघी बसून ठरवणार आहोत.

1 ऑक्टोबरला खंडेनवमी होती. संध्याकाळी मी आत्याकडं गेले. तिनं पाटावर वजनकाटा, पाकिटं बंद करायचं मशीन आणि चटणीचा मोठा उलथना मांडला होता. शेजारी लॅपटॉप, त्याच्यावर झेंडूचं फूल. हळदकुंकू वाहून झाल्यावर ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली जुनी हार्ड डिस्क घेऊन आली. मी तिला ती परत देताना जपून ठेव म्हणाले होते.

“हिचीबी करायची न्हवं? आठ वर्सं राबलीया.”

तिनं डिस्क लॅपटॉपशेजारी ठेवली. वरच्या बाजूला तिनं पाकिटावर तारीख टाकायच्या मार्करनं लिहिलं होतं: ‘जुनी. दादाचं लेबल आत हाय. टाकू ने.’